आई गप्प बसणारी नाही

मालिकांच्या सेटवर माझं काम चुका पकडायचं. मागच्या शॉटमध्ये सासूनं चहाचा कप उजव्या हातात धरला होता की डाव्या, सुनेचा पदर कुठल्या खांद्यावर होता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, हे सगळं मी डोक्यात ठेवायचं आणि पुढचा शॉट लागायच्या आत ओरडायचं. याला कंटिन्युइटी म्हणतात. अंधेरीच्या स्टुडिओत दिवसभर हेच करून घाटकोपरला घरी आले तरी माझे डोळे काही शांत बसत नाहीत. बाबांनी चष्मा रोजच्या जागी ठेवला नाही तर मला करमत नाही. आई म्हणायची, "तुझ्याशी लग्न करील त्याची वाट लागली!"

आई स्वतः काही कमी नव्हती. मालवणकडून लग्न होऊन ती इथल्या चाळीत आली, पुढे चाळीची बिल्डिंग झाली, पण तिचा आवाज चाळीच्याच मापाचा राहिला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ती खाली भाजीवाल्याशी भांडायची आणि तो रस्त्यावर उभा राहून हरायचा. उखाण्यांत तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारसं असो, साखरपुडा असो, बायका नव्या नवरीच्या आधी आईलाच पुढे ढकलायच्या. पाठ केलेले उखाणे ती घ्यायचीच नाही. समोर जे दिसेल त्यावर तिथल्या तिथं जुळवायची. एकदा बँकेत वारसदार म्हणून नवऱ्याचं नाव विचारलं, तर काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "बँकेच्या खिडकीला भली मोठी रांग, अमुकरावांचं नाव घेते, सही कुठं ते सांग!" मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. आतली मुलगी तिच्या लेकीच्या वयाची, ती लाजून लाल झाली.

अमुकराव म्हणजे माझे बाबा. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, तो मान माझा नाही. आई उखाण्याबाहेर ते कधीच घ्यायची नाही. "अहो", "ऐकलंत का", "हे", बस्स. बाजारात बाबा पुढं निघून गेले आणि आईनं "अहो!" म्हटलं की चार परके पुरुष वळून बघायचे, बाबा सोडून. तरी नाही. नवऱ्याचं नुसतं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. उखाण्यात चालतं, कारण त्यात म्हणे नाव गुंडाळून येतं. कॉलेजात असताना यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी लग्नात हिचं नाव बदललं, तेही दिवसातून पन्नासदा हाक मारतात, मग त्यानं हिचं आयुष्य नाही का कमी होत? आई म्हणायची, "तुका नाय कळूचा." बाबा बस डेपोतले मेकॅनिक, बोलायला मुळातच कंजूष. ते पेपरमागं हसत बसायचे.

नवरात्र संपलं आणि त्या रविवारी घरात बांगडे आले. नऊ दिवसांचे उपास सुटल्याचा आनंद आमच्या घरात दिवाळीपेक्षा मोठा असतो. बाबा बांगडे साफ करत होते, मी कांदा चिरत होते, आई विळीवर बसून खोबरं खवत होती आणि शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी चटकदार सांगत होती. सांगता सांगता ती थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. मग दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाली, "कुणी माझ्या डोक्यात नारळ फोडला गं?"

समोरच्या काकू धावत आल्या. त्यांचं निदान तयारच असतं. "पित्त! नऊ दिवस उपाशी आणि आता एकदम तेलाचा वास. बाम चोळ नि झोपव." आम्ही चोळलासुद्धा. पण आईला उलटी झाली, खिडकीचा उजेड तिला सोसेना, आणि मान खाली वाकवायला गेले तर ती वाकेचना. आईचं डोकं दुखलेलं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांची डोकी दुखवणारी बाई ती. काकू अजून पित्तच म्हणत होत्या. मी ओरडले, "काकू, तुमचं पित्त तुमच्या घरी ठेवा!" आणि बाबांना रिक्षा बघायला पिटाळलं. काकूंचा राग मी नंतर पेढे देऊन काढला, पण त्या क्षणी मला जगातल्या प्रत्येक पित्ताचा संताप आला होता.

हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूभोवती रक्त सांडलं होतं. मग रक्तवाहिन्यांचा फोटो काढला आणि त्यात कळलं की डाव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीला फुगा आलाय आणि तो फुटलाय. सर्जन एक बाई होत्या, लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी तो फोटो आम्हाला दाखवला. झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा, आणि एका बेचक्यात वाटाण्याएवढा गोळा.

बाबांनी विचारलं, "टायरची भिंत एका जागी कमजोर पडली की तिथं फुगवटा येतो, तसं?"

"अगदी तसं," त्या म्हणाल्या. "टायर बदलता येतो, एवढाच फरक."

बाबांना सगळं एकदम समजलं. समजल्यामुळेच ते खाली बसले.

बाई सांगत गेल्या. दोन रस्ते असतात. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर डोक्यापर्यंत न्यायची आणि फुग्यात तारेची गुंडाळी भरून तो आतून बुजवायचा. नाहीतर कवटी उघडून फुग्याच्या मानेलाच बाहेरून चिमटा लावायचा. आईच्या फुग्याची मान रुंद होती, गुंडाळी त्यात टिकली नसती, म्हणून चिमटा. थांबायला वेळ नव्हता. आत्ता ते भोक रक्ताच्या गुठळीनं बुजलं होतं, पण परत फुटलं तर वाचणं अवघड. आणि ऑपरेशनमध्येही धोका होताच. हात लावतानाच फुगा फुटू शकतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून झटका येऊ शकतो. उजवा हात, उजवा पाय लुळा पडू शकतो. फिट येऊ शकते. जीव जाऊ शकतो.

"आणि हा भाग बोलण्याच्या जागेला लागून आहे," त्या म्हणाल्या. "वाचेवर परिणाम होऊ शकतो."

"म्हणजे ती बोलणार नाही?" बाबांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी सांगणार नाही."

मला त्या बाई तिथल्या तिथं आवडल्या. गोड बोलून आम्हाला थापटायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. पण आईचा पाय लंगडा झाला असता तर आम्ही तिला उचलून नेलं असतं. न बोलणाऱ्या आईचं काय करतात ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर निघताना त्यांनी आम्हाला थांबवलं. "एक ऐका. चिमटा बसला की लोक पेढे वाटतात आणि माझी खरी काळजी तिथून सुरू होते. रक्त सांडलं की पुढचे दोनेक आठवडे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. त्यावर गोळ्या देतोच, सारखं तपासतोही. पण आम्ही त्यांना कालपासून ओळखतो, तुम्ही जन्मभर. काही वेगळं वाटलं तर सांगायचं. मूर्खपणाचं वाटलं तरी सांगायचं."

कालच्यापेक्षा आज वेगळं काय, ते सांगायचं! अहो, माझं पोट त्यावरच चालतं! एवढ्या भीतीतही माझ्या अंगात वीज शिरली. मला काम मिळालं होतं.

आईला ऑपरेशनला नेलं तेव्हा ती गुंगीत होती पण शुद्धीवर होती. अर्ध्या डोक्याचे केस काढणार म्हटल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं की दोन्हीकडचे सारखे का नाही काढत. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरनं ओळख पटवायला तिचं नाव विचारलं, मग नवऱ्याचं विचारलं. मी सांगणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून बारीक आवाज आला. स्ट्रेचर ढकलणाऱ्या वयस्कर वॉर्डबॉयला काका करून आई म्हणत होती, "फुग्याला लावा चिमटा, डोक्याला मारा टाका, अमुकराव बाहेर उभे, त्यांना चहा पाजा काका!"

सिस्टर हसत सुटली. ते काका खरंच ऑपरेशन सुरू झाल्यावर बाबांना चहा देऊन गेले. बाबांनी तो कप हातात धरून ठेवला, पुरता थंड होईपर्यंत.

दार उघडून सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "बसला चिमटा. छान बसला." मी उडीच मारली. त्यांना मिठी मारली. त्या माझ्या खांद्याएवढ्या, त्यामुळे ती मिठी जरा विचित्रच झाली. "अजून पेढे नाहीत," त्या माझ्या दंडातून म्हणाल्या.

आणि आई बोलली! घशातली नळी काढल्यावर, डोळे मिटलेले, डोक्याला हे भलंमोठं बँडेज, एक डोळा सुजून बंद, आणि पहिलं वाक्य काय? "बांगड्यांचं काय केलंत?"

आम्हाला त्या बांगड्यांची आठवणही नव्हती. ओट्यावर मीठ लावून तसेच टाकून आम्ही पळालो होतो. काकूंनी शेजारधर्म म्हणून ते नेऊन तळून खाल्ले होते, हे मी आईला सांगितलं, तर तिनं बंद डोळ्यांनीच नाक मुरडलं. बाबा रडत होते आणि हसत होते, आणि दोन्हीसाठी एकच रुमाल वापरत होते. मी घाटकोपर ते अंधेरी मेट्रोत उभ्या उभ्या सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकत होते, आई बोलली, आई बोलली. समोरच्या अनोळखी बाईलाही सांगितलं. तिनं बिचारीनं अभिनंदन केलं.

पुढचे दिवस आम्ही हवेत होतो. आयसीयूतून बाजूच्या वॉर्डात हलवलं. सिस्टर येताजाता नाव विचारायच्या, गाव विचारायच्या, कुठलं साल ते विचारायच्या, दोन्ही हात वर करायला लावायच्या. आई उत्तरं द्यायची आणि वर म्हणायची, "काल सांगितलं ना? लिहून घ्या की." मी सकाळी कामाला जायच्या आधी येऊन तिला नीट बघून घ्यायची. उजव्या हातानं चादर ओढते. भात नको म्हणते. सिस्टरच्या कानातल्यांवर शेरा मारते. ठीक.

मग ती सकाळ आली. बाबा आणि मी दोघंही आत होतो. राउंडवरचा तरुण डॉक्टर उत्तरेकडचा होता, गोड स्वभावाचा. रोज तेच प्रश्न विचारले की पेशंट उत्तरं पाठ करतात, म्हणून त्यानं त्या दिवशी प्रश्न बदलला. बाबांकडे बोट दाखवून म्हणाला, "माताजी, ये कौन हैं? इनका नाम बताइए."

आई बाबांकडे बघत राहिली. काहीच बोलली नाही.

डॉक्टरच्या कपाळावर आठी आली. त्यानं परत विचारलं. आईनं नजर खाली वळवली. तेवढ्यात बाबा लाजत लाजत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वो मेरा नाम नहीं लेती. हमारे में नहीं लेते." पलीकडच्या बेडवरच्या आजींची सून खदखदून हसली, म्हणाली, आमच्याही सासूबाई नाही घेत. सिस्टर हसली. डॉक्टर हसला, म्हणाला, मेरी दादी भी. मीसुद्धा हसले, अगदी मोठ्यानं. काय मस्त किस्सा झाला, सेटवर सांगायला! डॉक्टर पुढचं विचारणार, एवढ्यात शेजारच्या बेडवरून त्याला हाक आली आणि "एक मिनट" म्हणून तो तिकडे गेला.

सगळे हसत होते. आई हसत नव्हती. तिनं चादर वर ओढली, डाव्या हातानं.

मी हसायची थांबले. कालपर्यंत उजवा हात होता. आणि ते सोडाच, आम्ही सगळे कशावर हसत होतो? आई नाव घेत नाही, खरं आहे. पण आई गप्प बसत नाही! बँकेत नाही बसली, ऑपरेशनच्या दारात अर्ध्या गुंगीत नाही बसली. नवऱ्याचं नाव विचारलं की तिची कळी खुलते, तिला स्टेज मिळतं. समोर एवढं प्रेक्षकमंडळ, नवा कोरा डॉक्टर, आणि तिनं मान खाली घातली? हा शॉट चुकीचा होता. पूर्ण चुकीचा होता.

"आई," मी घड्याळ तिच्यासमोर धरलं, "हे काय आहे?"

आईनं घड्याळाकडे बघितलं. ओठ हलले. "ते," ती म्हणाली. "ते... ते..." आणि तिच्या डोळ्यांत जी भीती आली ती मी कधीच विसरणार नाही. शब्द तिला दिसत होता आणि हाताला लागत नव्हता.

मी सेटवर ओरडते तशीच ओरडले. डॉक्टर धावत आला. मी एका दमात सांगितलं, काल उजवा हात आज डावा, नाव घेत नाही पण उखाणा घेते, उखाणा घेतला नाही म्हणजे काहीतरी झालंय. सांगताना मला स्वतःलाच वाटत होतं की याला काय वाटेल. त्याला काही वाटलं नाही. त्यानं आईला दोन्ही हात वर धरायला लावले. उजवा हळूहळू खाली आला. त्यानंतर कुणी हसलं नाही. सर्जनबाईंना फोन, स्कॅन, मग परत ती मांडीतून वर जाणारी नळी. रक्तवाहिन्या आकसल्या होत्या. नळीतून औषध थेट तिथं सोडलं, रक्तदाब मुद्दाम चढवून ठेवला, म्हणजे अरुंद वाटेनंही रक्त पुढं जावं.

बाबा बाकावर बसून सारखं एकच बोलत होते. "मी सांगितलं ना गं त्याला, ती नाव घेत नाही. मीच सांगितलं." मी त्यांना म्हटलं, बाबा, हसलो तर सगळेच. पण त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं. अख्ख्या जगात त्या एका गोष्टीवर बाबांचा जेवढा विश्वास होता तेवढा कशावरच नसेल, आणि त्याच गोष्टीनं आज दगा दिला असता.

संध्याकाळी आईला भेटायला सोडलं. मी तिच्या कानाशी बडबडत होते, आई मी आहे, आई ऐकू येतंय का, आई हात दाब. खूप वेळानं तिचे ओठ हलले.

"कित्याक... बोंब मारतंस गो," ती म्हणाली.

मी त्या वॉर्डात नाचले. खरंच नाचले, सिस्टरनं बाहेर काढेपर्यंत! सर्जनबाई म्हणाल्या, वेळेत कळलं. एवढंच म्हणाल्या, पण माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "काम सोडायचं असेल तेव्हा इकडे या." इतक्या वर्षांत कुठल्याच दिग्दर्शकानं मला इतकं चांगलं काही म्हटलेलं नाही.

घरी आणलं तेव्हा मला वाटलं, संपलं, जिंकलो. सर्जनबाई म्हणाल्या होत्या की बरं व्हायला महिने लागतात, ते मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. आई दोन पोळ्या लाटून झोपायची, आंघोळ करून झोपायची, झोपून उठली की दमून परत झोपायची. कुकरची शिट्टी तिच्या डोक्यात घुसायची, म्हणून आम्ही भात पातेल्यात करायला लागलो. घास चावताना जबडा दुखायचा, कारण कानशिलाजवळचा स्नायू कापून परत शिवला होता. तिथं थोडा खड्डाही पडला. बारीकसारीक गोष्टीला रडू यायचं, आणि रडू आल्याचा राग यायचा. फिटच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, ते खातं बाबांनी घेतलं.

आणि शब्द हरवायचे. घड्याळ आलं, पण किसणी गेली. किसणी आली, तर झाऱ्याला "ते तळायचं" म्हणायची. बोलण्याचा सराव करून घ्यायला घरी येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, शब्द पुरवू नका, तिला शोधू द्या. शब्द न पुरवता थांबणं मला किती अवघड, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मी ओठ चावून बसायची. मग आई म्हणायची, "झा... झारा!" आणि आम्ही तिघं मॅच जिंकल्यासारखे ओरडायचो. काकू दार उघडून विचारायच्या काय झालं, बाबा सांगायचे, "झारा आला."

एकच गोष्ट परत येत नव्हती. उखाणा. मी दोनदा छेडलं, तिनं मान फिरवली. एकदा दुपारी स्वतःच म्हणाली, "पहिली ओळ येते गं. जोडीचा शब्द येत नाही. तिथं नुसता अंधार असतो." ती रडली नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी उठून पातेलं घासत बसले.

संक्रांत आली. काकूंकडे हळदीकुंकू होतं, खालच्या मजल्यावर त्यांच्या लेकीच्या घरी, जागा मोठी म्हणून. आई जाणार म्हणाली. केस एका बाजूला बोटभर उगवलेले, तिनं त्यावरून पदर घेतला. गोंगाटानं त्रास झाला तर लगेच वर आणायचं, म्हणून बाबाही जिना उतरून आले आणि दाराबाहेर चपलांशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आतल्या बायका त्यांना हसल्या, त्यांनी ते अंगाला लावून घेतलं नाही.

हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि व्हायचं तेच झालं. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, नाव घ्या ना! किती दिवसांत ऐकलं नाही!" मी त्या बाईकडे असं बघितलं की ती जागच्या जागी गप्प झाली. पण बाकीच्या टाळ्या वाजवायला लागल्या होत्या. त्यांना प्रेमच होतं, दुसरं काही नाही. मी आईचा हात धरला. आईनं माझा हात बाजूला केला आणि सरळ बसली.

"तिळाच्या वडीला," ती म्हणाली, "गुळाची जोड..."

बायका पुढं सरकल्या. पुढचं पोरालाही सुचलं असतं. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच पुटपुटलं, "गोड, गोड." आईनं हात वर करून तिला थांबवलं. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही. तिला दिलेला शब्द नको होता. ती शोधत होती, कपाळावरची ती नवी शिवण ताणलेली मला दिसत होती, आणि मी शब्द न पुरवता बसले होते. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही.

शब्द आला नाही. आईनं मोठा श्वास घेतला. बायकांकडे बघून हसली, थोडी. मग दाराकडे वळली आणि बाबांचं नाव घेतलं.

नुसतं नाव. पुढं राव नाही, मागं उखाणा नाही. तिच्या जुन्या, चाळीच्या मापाच्या आवाजात. "चला, घरी जाऊया," ती म्हणाली.

बाहेर प्लास्टिकची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. बाबांची आई गेल्यापासून त्या नावानं त्यांना घरातल्या कुणीच हाक मारली नव्हती. दारात ते आले तेव्हा त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "ओ," ते म्हणाले. "आलो."

बायकांनी जो गलका केला, त्यानं आईचं डोकं दुखायलाच हवं होतं. दुखलं नाही. काकू डोळे पुसत होत्या. मी तर शिट्टी मारली, हळदीकुंकवात, दोन बोटं तोंडात घालून.

जिन्यात बाबा पुढं चढत होते. आई माझ्या दंडाला धरून एकेक पायरी चढत होती. माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "आई, नुसतं नाव घेतलंस! आता बाबांचं आयुष्य कमी नाही होणार?"

आई दम खायला थांबली. या वेळी शब्द शोधायला नव्हे.

"झालं कमी तर माझ्यातलं देईन," ती म्हणाली. "मला जास्तीचं मिळालंय."

बाबा वरच्या पायरीवर आमच्यासाठी थांबले होते. आईनं त्यांना परत नावानं हाक मारली. काही काम नव्हतं. ते "ओ" म्हणाले, आणि हात पुढं केला.